खांद्यावरचा हात

मॉस्को, ११ जानेवारी १९४२

आग्नूश्का,

पोस्टातल्या बाईनं पाकीट उलट सरकवलं. पत्त्यावर बोट ठेवून म्हणाली, "आजी, व्याज्मात जर्मन आहेत. तिकडं टपाल जात नाही. पाकीट जपून ठेवा, कागद मिळतोय कुठं हल्ली." रांगेतले लोक माझ्याकडं बघायला लागले. मी घाईनं म्हटलं, जुनी सवय हो, हात आपोआप लिहितो. मुलगी आता उरालमध्ये असते. पाकीट कोटात घालून बाहेर आले.

कार्यशाळेतही मी हेच सांगितलं आहे. तुझं हॉस्पिटल वेळेवर हललं, तू स्वेर्दलोव्स्कला आहेस, कामातून मान वर काढायला तुला फुरसत नाही. ज्यांचं माणूस शत्रूच्या मुलखात राहिलं त्यांच्याकडं कसं बघितलं जातं, ते तुला सांगायला नको. तसल्या नजरा आपण दोघींनी एकदा झेलल्या आहेत. माझं काम गेलं तर शिधापत्रक जाईल, आणि तू परत येशील तेव्हा दार उघडायला कुणी उरायचं नाही.

खरं मला एवढंच ठाऊक आहे. ऑक्टोबरच्या पाच तारखेला तू शेवटच्या गाडीत बसली नाहीस. हलवता येत नव्हते असे काही जखमी होते, त्यांच्यापाशी थांबलीस. त्या गाडीतून आलेल्या नर्सनं हे सांगितलं. तू माझ्यासाठी काही निरोप दिलायस का, असं मी विचारलं, तर ती नर्स बिचारी ओशाळून चहाच्या कपात बघत राहिली.

चार वर्षं तू माझी पत्रं न फोडता परत पाठवत होतीस. आता ते काम टपालखातं करतंय. जाणार नाही हे ठाऊक आहे म्हणूनच बहुधा आज इतकं लिहवतंय.

मी पोस्टरच्या कार्यशाळेत आहे. छापून नव्हे, हातानं रंगवून काढतात ती मोठी पोस्टरं. चित्रकार मूळ चित्र करतो. मग त्यातल्या प्रत्येक रंगासाठी तेल पाजलेल्या जाड कागदाची वेगळी स्टेन्सिल कापायची, आणि रंगवणाऱ्या बायका ओळीनं उभ्या राहून एकेक रंग थोपटत जातात. एका पोस्टरला पन्नास-साठ स्टेन्सिली लागतात. पिवळा रंग लावणाऱ्या बाईला आपण बंदूक रंगवतोय की पहाट, हे कळत नाही. फिक्या रंगापासून सुरुवात, काळपट सगळ्यांत शेवटी. शेवटची स्टेन्सिल पडेपर्यंत कागदावर नुसते डाग असतात. ती पडली की माणूस एकदम आपल्याकडं बघायला लागतो.

मी कापते. चेहरे माझ्याकडेच येतात. विल्नोच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आन्येलानं आम्हा मुलींना देवाच्या चित्रांभोवती कागदाची जाळी कापायला शिकवली होती. केसाएवढी जोडपट्टी ठेवायची, म्हणजे फूल गळून पडत नाही. कागदावर फुंकर घातली की सगळी जाळी थरथरायची, आणि सिस्टर म्हणायची, आता श्वास घेतेय ती, राहू दे. तेव्हा काय माहीत, त्या विद्येवर म्हातारपणी पाव मिळेल.

रंग गोठतात. ब्रशवाल्या बायका डबे कुशीत घेऊन बसतात. पोल्या नावाची एक आहे, ती तावांना लावायची खळ बोटानं चाटते आणि म्हणते, "स्तेफामावशी, मीठ कमी पडलंय आज." खळ पिठाची असते. मीही चाटली आहे.

तुझी आई

१ मार्च

आग्नूश्का, आज मी एक गोष्ट केली. तुला आवडेल की नाही, ठाऊक नाही.

आमचे चित्रकार ग्लेब सावविच चार दिवस एका चेहऱ्यासाठी अडले होते. शत्रूच्या ताब्यातल्या गावातली बाई, दारात उभी. खाली ओळ: ती वाट बघते आहे, लवकर ये. कार्यशाळेतल्या सगळ्या बायकांना त्यांनी खिडकीपाशी उभं करून बघितलं. पोल्याला बघून म्हणाले, तुम्ही वाट बघत नाही, तुम्ही भांडायला निघाला आहात. ती म्हणाली, "नवऱ्याची वाट बघताना माझं तोंड असंच होतं."

मी त्यांना तुझा फोटो दिला. आपल्या दाचाच्या, गावाबाहेरच्या त्या लाकडी घराच्या, कुंपणापाशी उभी आहेस तो, छत्तीस सालचा. भुवईवरची जखमेची खूण त्यात स्पष्ट दिसते. सात वर्षांची असताना माझ्या कापायच्या सुरीशी खेळायला गेली होतीस, त्याची. आणि तुझ्या खांद्यावर बाबांचा हात आहे.

त्या फोटोबद्दल आपण कधी बोललो नाही. तू किंचाळलीस आणि मी गप्प बसले, त्याला बोलणं म्हणत नाहीत. सदतीस साली त्यांना अटक करून नेलं त्याच आठवड्यात मी घरातल्या प्रत्येक फोटोतून त्यांचा चेहरा कापून काढला. ज्यांचं माणूस पकडलं गेलं ते सगळेच तसं करत होते. तुझं वैद्यकीचं शेवटचं वर्ष होतं. तू पेटीतले फोटो बघितलेस, बोट त्या भोकांवरून फिरवलंस आणि म्हणालीस, "किती सफाईनं कापलंस गं. कुठं एक धागासुद्धा सुटला नाही." मग पिशवी भरलीस.

हात मात्र मी ठेवला होता. तो काढायचा तर तुझी मान कापावी लागली असती.

ग्लेब सावविचनी विचारलं, हा हात कुणाचा? मी म्हटलं, शेजाऱ्याचा.

हे लिहिताना माझी मान खाली आहे. पण तुझा चेहरा मोठा होऊन सबंध शहरात लागेल, लोक तुझ्यासमोर थांबतील, या विचारानं मला आज पाच महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.

२७ मार्च

लागलं. मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या खिडकीत, माणसाहून उंच. मी समोरच्या फुटपाथवर पाऊण तास उभी राहिले. एक शिपाई चालता चालता थांबला, दोन पावलं मागं आला आणि त्यानं टोपी काढली. ग्लेब सावविच म्हणतात, पोस्टरची परीक्षा एवढीच, चालता माणूस थांबला पाहिजे. लाल रंग त्यांनी एकाच ठिकाणी वापरलाय, तुझ्या डोक्यावरच्या रुमालाला. बाकी सगळं राखेसारखं. आणि डोळे असे, की डावीकडून बघा नाहीतर उजवीकडून, आपल्याकडेच बघतात. सिस्टर आन्येलाही हेच सांगायची: गुडघे टेकलेल्या माणसाकडे संतानं बघितलंच पाहिजे, नाहीतर तो कागद आहे. युक्ती तीच. मी कुणाला बोलले नाही.

तुझ्या चेहऱ्याला अकरा स्टेन्सिली लागल्या. भुवईवरची खूण मी काढून टाकणार होते, पण ग्लेब सावविच म्हणाले, नको, तिनंच ती खरी वाटते. शेवटची काळपट स्टेन्सिल कापताना मला तुझं तान्हेपण आठवत होतं, न्हाऊ घातल्यावर तू अशीच टक लावून बघायचीस.

आता हाताचं. सांगायलाच हवं. खांद्यावरचा तो हात त्यांनी ठेवला आणि त्याला हिरवट करड्या गणवेशाची बाही लावली. तो आता जर्मनाचा हात आहे. हातमोजा काढायचा का घालायचा, यावर चर्चा झाली. उघडाच जास्त अंगावर येतो, असं ठरलं. तर्जनीचं पहिलं पेर नाही, तेही त्यांनी तसंच ठेवलं. म्हणाले, असल्या बोटानं भीती वाटते. छापखान्याच्या यंत्रात गेलेलं बोट. त्याच बोटानं बाबा तुझ्या नाकाला साखर लावायचे.

मी कापला तो हात. चार स्टेन्सिलींत.

एक चांगली बातमीही आहे. या पोस्टरची तळहाताएवढी पत्रकं छापून विमानातून पलीकडे टाकणार आहेत, व्याज्माच्या बाजूला. पाच हजार आधी. आग्नूश्का, त्यातलं एखादं तुझ्या अंगणात पडलं तर? तू उचलशील, तुझाच चेहरा बघशील, आणि तुला कळेल की हे मीच कापलंय. आमच्याकडे दुसरं कुणी असं कापत नाही. पत्र जात नाही तिथं मी तुला पाठवते आहे. रोज आकाशाकडं बघून म्हणते, तिच्या दारात पड, तिच्याच दारात.

१९ एप्रिल

हे देवा, मी काय करून बसले.

आज एक बाई आली. दारिया नाव, व्याज्मात जनावरांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. जंगलातून वेढा फोडून निघालेल्या आमच्या सैनिकांबरोबर ती बाहेर पडली. पायाची दोन बोटं गेलीत. पत्ता तिला तू दिला होतास. म्हणजे माझा पत्ता तू विसरली नव्हतीस.

ती म्हणाली, तू जिवंत आहेस. आधी मी तिचे हात धरून रडले. मग तिनं बाकीचं सांगितलं. तू उस्तिन्या नावाच्या म्हातारीकडं राहतेस, तिची भाची मारिया म्हणून. जर्मनांच्या धुलाईखान्यात कपडे धुतेस. तळघरात तीन जखमी आहेत. हॉस्पिटलमधले बाकीचे सापडले, तेव्हा जर्मनांना कळलं की एक डॉक्टरीण तिघांना घेऊन पळाली. ते तिला शोधताहेत. नाव त्यांना ठाऊक नाही, फोटो त्यांच्याकडं नाही. एवढंच ठाऊक आहे, तरुण आहे आणि भुवईवर खूण आहे. "रुमाल इथपर्यंत ओढून असते," दारियानं स्वतःच्या पापण्यांवर बोट ठेवून दाखवलं. "फोटो नाही त्यांच्याकडं, म्हणून निभावतंय."

फोटो नाही त्यांच्याकडं.

आग्नूश्का, दहा दिवसांपूर्वी पाच हजार गेले. खुणेसकट. तुझी खूण मी अकराव्या स्टेन्सिलीत इतकी नाजूक कापली की पत्रकावरही दिसते. मी छापखान्यातून एक मागून आणलं होतं, उशीखाली ठेवायला. दारिया गेल्यावर ते काढलं आणि खिडकीशी धरलं. पत्रकातलं काळं-पांढरं तोंड माझ्याकडं बघत होतं. डावीकडं सरकले तरी बघत होतं.

दारियाला मी ते दाखवलं नाही. ती फार दमली होती.

या आठवड्यात दुसरी खेप निघते आहे. एक लाख.

२२ एप्रिल

तीन दिवस काय केलं ते लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

पहिल्या दिवशी ग्लेब सावविचकडे गेले. म्हटलं, चेहरा बदलू या, पुष्कळ दिवस झाले, लोकांच्या डोळ्यांत शिळा झाला. ते हसले. शिळा कसला, आघाडीवरून मुलं तिला पत्रं लिहिताहेत, लग्न कराल का म्हणून. चेहरा बदलला तर पोस्टर मेलं. आणि मंजूर झालेल्या चित्राला हात लावला तर त्याला घातपात म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायचं का? त्याच दुपारी ते रेखाटनं करायला आघाडीवर गेले.

खरं सांगायचं तोंडाशी आलं होतं. सांगितलं असतं, तर माझी मुलगी शत्रूच्या मुलखात आहे, शत्रूचे कपडे धुते, आणि मी सहा महिने खोटं बोलते आहे, हे सगळं कुठल्यातरी कागदावर उतरलं असतं. त्या कागदावर तुझ्या बाबांचं नावही आलं असतं. एक लाख पत्रकं तरीही निघालीच असती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना केली. उपयोग झाला नाही, किंवा झाला. मला एवढंच सुचलं की पत्रकं ज्या दगडी शिळेवरून छापतात तिच्यावरचं जुनं रेखाटन घासून टाकलंय, छापखान्याला नवा ताव लागणार आहे. तो ताव आमच्याकडूनच जायचा. फिके रंग पडले तरी माणूस शेवटच्या स्टेन्सिलीतून येतो. ती माझ्या हातात असते.

आज भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मी तुझ्या चेहऱ्याची शेवटची स्टेन्सिल नवी कापली. कोपऱ्यातल्या आरशाची काच टेबलावर टेकवून ठेवली होती, आणि त्यात बघून कापत होते. भुवईवरची खूण गेली. डोळ्यांखाली दोन वळ्या आल्या. तोंडाच्या कडा खाली ओढल्या. गळ्यावर शिरा. दुसरे कुणाचेही चेहरे मनात येत नव्हते. जवळ होता तो दिला.

हाताच्या स्टेन्सिली बदलायच्या होत्या, पेर पुरं करून टाकायचं होतं. सुरी ठेवून दिली. तुझ्या खांद्यावरून तो हात काढायला माझा जीव झाला नाही.

पोल्यानं शेवटचा रंग थोपटला, कागद उचलला आणि बघतच राहिली. "मावशी, वीस वर्षांनी म्हातारी केलीस की गं हिला. हिच्यासाठी धावत येतील होय शिपाई?"

तिच्या आवाजानं नीना फोमिनिच्ना आली. ती आमची प्रमुख, उंच, कोरडी बाई. तिला मी कधी कुणाच्या खांद्यावर हात ठेवताना बघितलं नाही. तिनं ताव मूळ चित्राशेजारी धरला. मग पोल्याला खळ आणायला पाठवलं.

"ही ती बाई नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, जुनी स्टेन्सिल फाटली, घाईत झालं.

"तुमचा हात घाईत चुकत नाही, स्तेफानिया काझिमिरोवना. सहा महिने बघतेय मी." ती टेबलावरच्या आरशाकडं बघत होती. "उरालहून मुलीचं पत्र शेवटचं कधी आलं?"

खोटं सांगायला तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं. "ती आहे तिथून टपाल येत नाही."

पोल्याच्या बुटांचा आवाज जिन्यात ऐकू आला, तेव्हा नीना फोमिनिच्नानं खिशातून पेन्सिल काढली.

"माझा धाकटा कीव्हपाशी होता," ती म्हणाली. "सप्टेंबरपासून काही नाही." आणि तावाच्या मागं सही करता करता, जशी काही पोल्याला उत्तर देत होती, "वाट बघणारी बाई म्हातारीच होते. जाऊ द्या छापायला."

३० मे

पत्रकं गेली. एक लाख, माझ्या तोंडाची.

ग्लेब सावविच परत आले आणि फार ओरडले. त्यांचंही बरोबर आहे, कुणी माझी जाळी फाडली असती तर मीही ओरडले असते. चौकशी बसली. नीना फोमिनिच्नानं लिहून दिलं की स्टेन्सिल तिच्या देखरेखीखाली फाटली, नवी तिच्या हुकमावरून घाईत कापली, तपासणी तिनंच केली. माझं नाव कुठं आलं नाही. तिला प्रमुखपदावरून काढलं. आता ती खालच्या मजल्यावर ताव चिकटवते. मी जिन्यात भेटून काही बोलायला गेले, तर म्हणाली, "तुमच्या स्कार्फला खळ लागलीय."

पण पहिले पाच हजार, आग्नूश्का. ते मी कुठून परत आणू? झोपेत मी ते वेचत असते. चिखलातून, कुंपणांवरून, कुणाच्या बुटाखालून. एक कमी पडतं. दर वेळी एकच कमी.

२ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही या दिवशी दालचिनीची बिस्किटं खायचो आणि थडग्यांवर मेणबत्त्या लावायचो. मी मेणबत्ती लावली नाही. कुणासाठी लावू? तू नाहीस त्यांच्यात, आणि बाबांचं मला नक्की सांगितलेलं नाही.

व्याज्माहून काही नाही. दारिया हॉस्पिटलात नर्स झालीय, तिलाही काही कळत नाही. पोस्टर केव्हाच उतरलं, तिथं आता तोफ आहे. ती मी कापली नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तू विचारलंस, बाबांच्या चेहऱ्यांचं काय केलंस? मी म्हटलं, जाळले. सगळे जाळले नाहीत. दाचाच्या फोटोतला ठेवला. नखाएवढा आहे. सिस्टर आन्येलानं दिलेल्या देवाच्या चित्रामागं, कागदाच्या जाळीच्या दोन थरांमध्ये. पाच वर्षं मी तो एकदाही काढून बघितला नाही. तुला सांगितलं असतं तर तू गेली नसतीस कदाचित. पण तेव्हा तू एकवीस वर्षांची होतीस आणि खरं बोलायचीस. कुणी विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस.

२ एप्रिल १९४३

आग्नूश्का,

मार्चमध्ये व्याज्मा सुटलं. रेडिओवर नाव ऐकलं तेव्हा मी स्टेन्सिल कापत होते. सुरी सरळ बोटात गेली. पोल्या म्हणाली, "मावशीचं रक्त लाल आहे, झारवाल्यांसारखं पांढरं नाही, सगळ्यांनी बघून घ्या." आणि मग तीच माझ्या गळ्यात पडून रडली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. बहुधा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आज उस्तिन्याचं पत्र आलं, तिकोनी घडीचं. म्हातारीला लिहिता येत नाही, कुणा शिपायाकडून लिहवून घेतलंय. जसंच्या तसं उतरवते.

"आजीबाई, नमस्कार. शहर नाही राहिलं, चूल राहिली, तिच्यापाशी बसून लिहवतेय. तुमची आग्निया वर्षभर माझी भाची होती. कपडे छान धुते. कांजी करपवते, शिकवलं नाही का तुम्ही? तळघरातले तिघंही वाचले, त्यातला एक आता माझं छप्पर घालतोय. फेब्रुवारीच्या शेवटी जर्मन निघाले तेव्हा तरण्याताठ्यांना रस्त्यावर उभं करून पश्चिमेकडं चालवत नेलं. तिलाही. डॉक्टरीण म्हणून नाही, धुणारी मारिया म्हणून. माझे फेल्टचे बूट मी तिला घातले. स्वतःच्या पायांनी चालत होती, हे मी बघितलं. वळणापर्यंत बघितलं. जाताना हे माझ्या चोळीत कोंबलं आणि तुमचा पत्ता पाठ करून घेतला. तिनं हे गेल्या वर्षीपासून जपलं होतं. कुठं सापडलं विचारलंत तर धुवायला आलेल्या एका अधिकाऱ्याच्या कोटाच्या खिशात."

घडीत एक पत्रक होतं. पहिल्या पाच हजारांतलं, गळ्यावर शिरा नसलेलं, धुण्यानं मऊ झालेलं. त्यातला चेहरा कापून काढला होता.

आग्नूश्का, मी त्या भोकावरून बोट फिरवलं. शस्त्रक्रियेच्या सुरीनं कापलंयस. केसांच्या बाजूला घाई झालीय, कागद ओरबाडलाय. जोडपट्टी कशी ठेवायची हे तुला मी कधी शिकवलंच नाही. पण हात आला तिथं तू सुरी हळू केलीस. बोटांच्या कडेकडेनं नेलीस. आखूड पेराला वळसा घातलास. हात पुरा राहिलाय, कुठं एक धागासुद्धा सुटला नाही.

मागं पेन्सिलीनं दोन शब्द आहेत. कपड्यांच्या बटणाएवढी अक्षरं. "हात ओळखला."

मग देवाचं चित्र काढलं, जाळी उसवली, बाबांचा चेहरा बाहेर घेतला आणि दाचाच्या फोटोतल्या भोकात ठेवला. बरोब्बर बसला. तुझ्या खांद्यावरचा हात पुन्हा त्यांचा झाला. ते थोडेसे हसताहेत. हे मी विसरले होते.

तू आता कुठं आहेस, मला ठाऊक नाही. मिन्स्कच्या पलीकडं कुठं असशील. पायांत उस्तिन्याचे बूट आहेत, एवढंच मी धरून बसले आहे. ही सगळी पत्रं कार्यशाळेत रद्दी स्टेन्सिलींच्या फळीवर आहेत, पाठवण्यासारखी नाहीत. पण एक वस्तू आज पाठवली. एक लाखातलं एक पत्रक माझ्याकडं होतं, म्हाताऱ्या बाईचं. ते पाकिटात घातलं, उस्तिन्याच्या नावानं: आग्निया परत आली तर आधी तुमच्या चुलीपाशी येईल, तेव्हा हे तिच्या हातात द्या.

पोस्टात तीच बाई होती. पत्ता वाचला, माझ्याकडं बघितलं. वाटलं, सरकवते आता उलट.

"व्याज्मा," ती म्हणाली, "जातं आता," आणि शिक्का मारला.

पत्रकामागं मी काही लिहिलं नाही. तू ओळखशील.

तुझी आई